भूक मोजणारा माणूस

संख्याशास्त्रज्ञ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर एक टेबल येतं, रकाने येतात आणि जाड भिंगांचा चष्मा येतो. डॉक्टर रोग्याची नाडी पाहतो, परिचारिका सुई टोचते, आशाताई घरोघर फिरते. हा माणूस मात्र आकड्यांखेरीज कुणाला भेटत नसावा, अशी आपली समजूत. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला भाषा विषय घेतला, त्यामुळे गणिताशी संबंध मात्रा मोजण्यापुरता उरला. तरीही आज मी एका संख्याशास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहे. कारण त्यांनी आयुष्यभर जी गोष्ट मोजली, ती कवींनीही शतकानुशतकं शब्दांत धरायचा प्रयत्न केला आहे. ती गोष्ट म्हणजे भूक.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचं नाव. जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित घेऊन १९३२ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. गणितात हुशार असलेल्या मुलाने प्राध्यापक व्हावं किंवा सरकारी परीक्षेला बसावं, असा तो काळ. या तरुणाने मात्र असा विषय घेतला, ज्याचं नावही आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

पण लंडनमधलं ते ठिकाण त्या वेळी या विषयाची पंढरीच होती. रोनाल्ड फिशर तिथे होते, एगॉन पिअर्सन होते, पुढे जर्झी नेमान आले. फिशर यांनी आपल्या बऱ्याचशा पद्धती शेतीच्या प्रयोगांतून घडवल्या होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले दोन खिळे जवळजवळ सारखे असतात. पण एकाच कणसातले दोन दाणे सारखे नसतात, एका आईची दोन लेकरं सारखी नसतात. जिवंत गोष्टीत फरक असतोच. मग एका वाफ्यातलं पीक जोमदार आलं ते खतामुळे, की ती जमीनच मुळात कसदार होती म्हणून? औषध घेतलेला रोगी बरा झाला तो औषधामुळे, की तो तसाही बरा होणार होता? जीवशास्त्रात आणि आरोग्यात संख्याशास्त्रज्ञ लागतो तो या प्रश्नासाठी.

नेमान यांचा भर नमुना पाहणीवर होता. त्यासाठी मराठीत फार जुनी म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक गृहिणी रोज हा नमुना घेते. पण ती वरवरचं शीत उचलत नाही. डाव खालपर्यंत घालते, भात हलवते आणि मग दोन-तीन शितं दाबून पाहते. संख्याशास्त्राला या साध्या कृतीतून तीन प्रश्न दिसतात. शीत कुठलं घ्यायचं? किती घ्यायची? आणि आपला अंदाज चुकलाच तर तो साधारण कितीने चुकेल? सुखात्म्यांनी या प्रश्नांवर काम करून १९३६ मध्ये पीएच. डी. आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. मिळवली.

मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत शिकवलं. १९४० मध्ये ते दिल्लीला, शेती संशोधनाच्या केंद्रीय परिषदेत गेले आणि पुढची सुमारे दहा वर्षं त्यांची प्रयोगशाळा म्हणजे शेत झालं.

त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. पीक सोळा आणे की आठ आणे, हे नजरेने ठरायचं. आपल्या खेड्यांत आजही पैसेवारीवरून गरमागरमी होते, ती या परंपरेतली. नजरेने केलेल्या अंदाजाची अडचण अशी, की पाहणाऱ्याच्या मनात आधीच काहीतरी ठरलेलं असतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. देशात धान्य किती पिकलं याचा भरवशाचा हिशेब हवा, ही गोष्ट तेव्हा केवळ कागदोपत्री राहिली नव्हती.

यावरचा उपाय म्हणजे पीक कापणी प्रयोग. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडायची, त्यांतली शेतं निवडायची, शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. पण तो तुकडा केवढा असावा? प्रशांतचंद्र महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्राचे मोठे नाव. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण त्यात वेळ आणि खर्च वाचतो. सुखात्म्यांनी शेतांत प्रत्यक्ष तुलना करून दाखवलं, की फार लहान तुकड्यावरून काढलेलं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरतं. कारण अगदी साधं आहे. चार फुटी चौकोन घ्या. त्याचं क्षेत्र सोळा चौरस फूट आणि कडाही सोळाच फूट. चाळीस फुटी चौकोनाचं क्षेत्र सोळाशे चौरस फूट, पण कडा फक्त एकशेसाठ फूट. म्हणजे क्षेत्राच्या मानाने लहान तुकड्याला कड दसपट. आणि कडेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना माणसाचा हात ते आत ओढतो. बेइमानी म्हणून नव्हे, चांगलं कणीस सोडवत नाही म्हणून.

मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं. दोन विद्वानांचा वाद कुठल्या सूत्रावर नव्हता, तर विळा धरलेल्या माणसाच्या स्वभावावर होता. चांगला संख्याशास्त्रज्ञ आकडा हाती येण्याआधी, तो कुणी, कुठे उभं राहून आणि कशाच्या मोहात लिहिला, हे विचारतो. हे शिकायला बांधावर जावं लागतं.

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रोमला गेले. पिकाकडून ताटाकडे आणि ताटाकडून शरीराकडे असा त्यांचा प्रवास इथून सुरू झाला. जगात उपाशी किती, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये लिहिलं होतं, की मानवजातीपैकी दोन तृतीयांश लोक जन्मभर कुपोषण आणि भूक सोसतात. असे आकडे देशांच्या सरासरीकडे पाहून निघत. पण एखाद्या देशाची सरासरी कमी म्हणून तिथला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही आणि सरासरी चांगली म्हणून प्रत्येकाचं पोट भरलेलं असतं असंही नाही. सावकार आणि सालगडी यांच्या जेवणाची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कुणाच्याच ताटात दिसत नाही.

सुखात्म्यांनी सरासरी बाजूला ठेवून वाटप पाहिलं. कमी खाणारे किती, मध्यम किती, भरपूर किती, याचा विस्तार मांडला आणि माणसाच्या गरजेतही फरक असतो हे धरून हिशेब केला. १९६१ मध्ये त्यांनी हा निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचला. जगातले दहा ते पंधरा टक्के लोक पोटभर अन्नाला मोताद आहेत, आणि निकस आहाराची गणती त्यात मिळवली तर हा आकडा निम्म्यापर्यंत जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ही संघटना जगातल्या भुकेचा अहवाल दरवर्षी काढते. त्यातल्या मोजणीचं मूळ सुखात्म्यांच्या याच कामात आहे.

त्याच दशकात जगभर प्रथिनांचा बोलबाला झाला. गरीब देशांतली मुलं खुरटतात ती प्रथिनांच्या तुटीमुळे, तेव्हा प्रथिनांची खास पिठं आणि भुकट्या पुरवा, असा सूर होता. सुखात्म्यांनी भारतीय आहाराच्या पाहण्या पुन्हा तपासल्या. ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना एकूण अन्नच कमी पडतं, असं त्यांना दिसलं. चुलीत लाकूड नसेल तर माणूस घरातली खुर्चीही जाळतो. शरीराचं तसंच आहे. उष्मांक कमी पडले की ते प्रथिनं जळणासारखी वापरतं. म्हणून भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालात प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आले. महागड्या भुकटीचा प्रश्न घरच्या भाकरीवर आणून ठेवण्यात या सातारकराचा मोठा वाटा होता.

१९७० नंतर ते पुण्याला परतले, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाद त्यांना घरच्या अंगणात सापडला.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्यांना करता येत नाही, ते गरीब, अशी त्यांची रेषा. या रेषेखाली १९६०-६१ मध्ये खेड्यांतले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले सुमारे पन्नास टक्के लोक येत होते. सुखात्म्यांनी हरकत घेतली ती रेषेच्या जागेवर. सरासरी गरज ही समूहाची असते, ती एकेका माणसाला किमान म्हणून लावता येत नाही. धडधाकट माणसांतही कितीतरी जण सरासरीच्या खालीच असणार. शिवाय एकच माणूस एका आठवड्यात जेवढं खातो तेवढंच दुसऱ्या आठवड्यात खात नाही. काही मर्यादेत शरीर स्वतःला जुळवून घेतं. म्हणून त्यांनी रेषा सरासरीवरून काढून सरासरीच्या दोन प्रमाण विचलन खाली नेली. प्रमाण विचलन म्हणजे माणसं सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती पसरली आहेत, याचं माप.

समजा सरासरी गरज २,४०० उष्मांक आहे आणि प्रमाण विचलन तिच्या पंधरा टक्के, म्हणजे ३६०. दोनदा ३६० वजा केले की उरतात १,६८०. आता रोज दोन हजार उष्मांक खाणारी मजूर बाई घ्या. पहिल्या रेषेने ती उपाशी, दुसऱ्या रेषेने नाही. तिच्या ताटात एक घासही वाढला नाही किंवा कमी झाला नाही. कागदावरची रेषा तेवढी हलली, आणि तिच्यासारखी कोट्यवधी माणसं भुकेच्या यादीतून बाहेर पडली.

दांडेकरांनी यावर कडाडून टीका केली. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनीही केली. त्यांचा प्रश्न असा होता, की शरीर जुळवून घेतं हे खरं, पण कशाच्या मोबदल्यात? डेव्हिड सेक्लर या अर्थतज्ज्ञाने त्याच सुमारास ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली होती. चण लहान असली तरी बिघडत नाही, असा तिचा अर्थ. गोपालन यांनी विचारलं, हे लहानपण फक्त गरिबांसाठीच का ठीक?

या वादात मला माझा एक अनुभव सांगावासा वाटतो. मी दरवर्षी रमजानचे रोजे ठेवतो. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, दुपारनंतर जीभ जड होते. पुढे शरीर सरावतं आणि विसाव्या दिवशी काम जवळजवळ नेहमीसारखं होतं. शरीर जुळवून घेतं हे सुखात्म्यांचं म्हणणं मला त्या महिन्यात अंगाने कळतं. एकादशी करणाऱ्या वारकऱ्यालाही ते कळत असेल. पण रोज्याला संध्याकाळ असते. मगरीबच्या अजानला खजूर हातात येणार, याची खात्री असते. आणि धर्मानेच सूट दिलेली आहे. आजारी, प्रवासी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, थकलेलं माणूस यांच्यावर रोज्याची सक्ती नाही. ज्याची भूक स्वतःहून घेतलेली नाही आणि जिला इफ्तारची वेळ नाही, त्याचं जुळवून घेणं आणि माझं जुळवून घेणं एका मापात बसत नाही.

सुखात्म्यांना गरिबांची कणव नव्हती, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. पैसा मर्यादित आहे, तर सर्वांत जास्त निकड कुणाची, हे वेगळं काढता आलं पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. आणखी एक मुद्दा त्यांनी सतत लावून धरला. घाण पाण्यामुळे आतड्याचे विकार होत राहिले, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून धान्याबरोबर शुद्ध पाणी आणि स्वच्छताही हवी.

पुढे काय झालं? जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची मापं घेतली आणि २००६ मध्ये वाढीचं नवं प्रमाण जाहीर केलं. पोषण आणि काळजी नीट असेल तर लहान मुलांची उंची सगळीकडे जवळपास सारखीच वाढते, असं त्यातून दिसलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी टिकून होती आणि स्नायू कमी होते. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी याचा संबंध जोडला जातो. लहानपण फुकट मिळत नाही, अशी शंका ज्यांनी घेतली, त्यांच्या बाजूने हे पुरावे उभे राहिले.

पण गंमत पाहा. मूल खुरटलेलं आहे की नाही, हे आज कसं ठरवतात? त्याच्या वयाच्या प्रमाण उंचीपेक्षा ते दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असेल, तर खुरटलेलं. पद्धत तीच, दोन विचलनांची. फरक एवढाच, की सरासरी आता नीट खाल्ल्याप्यालेल्या मुलांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत या मापाने देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुरटलेली निघाली. स्वच्छतेचा मुद्दाही पुढे प्रयोगावर घासून पाहिला गेला. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना संडास आणि हात धुण्याची सोय दिली. २०१८ आणि २०१९ मध्ये निकाल आले. तेवढ्याने मुलांची उंची वाढली नव्हती. म्हणजे स्वच्छता नको असं नव्हे, पण घरापुरती छोटी सोय पुरत नाही, एवढं कळलं. पटणारी गोष्टही तपासूनच मानायची, ही या विद्येची शिस्त.

आता हे काम करायचं तर वाट कशी असते? बी. एस्सी.ला संख्याशास्त्र किंवा गणित, मग एम. एस्सी., आणि पुढे संशोधन हवं तर पीएच. डी. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून याच संस्थेने सांभाळली. चेन्नईला साथरोगशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. औषधं आणि लसी तयार करणाऱ्या कंपन्यांनाही ही माणसं लागतात, कारण चाचणीत किती जणांना घ्यायचं, कुणाला लस आणि कुणाला नुसतं पाणी हे कसं ठरवायचं, चाचणी मध्येच कधी थांबवायची, हे सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. माणसं कमी घेतली तर उत्तर मिळत नाही आणि त्यांना विनाकारण टोचल्यासारखं होतं. जास्त घेतली तर कित्येकांना उगाच धोक्यात घातल्यासारखं होतं.

पदवीबरोबर संगणकाची भाषा शिकावी लागते. त्याहून अवघड म्हणजे डॉक्टरांची, परिचारिकांची आणि गावातल्या बायांची भाषा शिकणं. ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न सोपा वाटतो. पण घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर कढईला लागलेलं पुसून खाणारी बाई, त्याला जेवण म्हणत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा रकाना भरतो, पण खरं उत्तर त्यात येत नाही.

सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यात वारले. भारत सरकारचा संख्याशास्त्रातला एक राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांच्या रेषेबद्दल मतभेद राहतील, राहावेतही. पण त्यांच्याशी वाद घालता आला, कारण त्यांनी आपली रेषा कुठे आणि का आखली, हे सगळं उघड मांडून ठेवलं होतं. पुढच्यांना त्यामुळे एकेक पायरी तपासता आली, दुरुस्त करता आली. ज्या आकड्यावर रेशन, शाळेतली खिचडी आणि अंगणवाडीतला आहार ठरतो, त्याच्याकडून आपण किमान एवढी अपेक्षा ठेवली पाहिजे.

दहावी-बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत बोलणी चालतात. मुलीला जीवशास्त्र आवडतं, गणितही आवडतं, पण मेडिकलला नंबर लागत नाही, म्हणून सारं घर सुतकात बसतं. अशा घरांना मी एवढंच सांगेन, की ही तिसरी वाट आहे. इथे गळ्यात स्टेथोस्कोप नसतो आणि दारावर पाटीही नसते. पण एखाद्या गावातल्या कुठल्या घरी आज धान्य पोचलं पाहिजे, हे ठरवताना तिने मोजलेला आकडा समोर असेल. तो तिने नीट मोजलेला असावा.